शेटे सर पोहोचले

दुपारी एका शालूला फॉल लावत बसले होते, तेवढ्यात मोबाइल बोलला, "दिगंबर शेटे पोहोचले." मी मशीनवरचा पाय काढला आणि दाराकडं पाहिलं. दारात कुणी नव्हतं. पायरीवर मांजर होतं, पण ते कायमच पोहोचलेलं असतं.

मोबाइलवरचा नकाशा उघडला. आमच्या ह्यांचा हिरवा ठिपका भैरोबाच्या गल्लीच्या वळणावर उभा होता, अगदी कामिनी देशमानेंच्या फाटकासमोर. खाली चष्म्याच्या कंपनीनं मोठ्या प्रेमानं लिहिलं होतं, 'मनातली वाट : पूर्ण.'

आठवडाभर हे असं रोज होत होतं. मंडईतून निघाले, तरी कामिनीबाई. नदीच्या घाटावरून निघाले, तरी कामिनीबाई. सकाळी घरातून दूध आणायला निघाले, दूध डाव्या हाताला चार दुकानांवर, तरी हे उजवीकडं वळून कामिनीबाई. आमच्या घराकडं यायचा रस्ता त्या वळणावरूनच पुढं येतो, त्यामुळं वाटेत थांबले असतील असं मी स्वतःची समजूत काढून पाहिली. पण वाटेत थांबलेल्या माणसाला कुणी 'पूर्ण' म्हणत नाही.

मी शालू तसाच टाकला, पायात चपला सरकवल्या आणि निघाले.

आधी चष्म्याचं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई नवऱ्यावर पाळत ठेवते. ठेवत होतेच, पण डॉक्टरांच्या सांगण्यावरून.

गेल्या श्रावणात ह्यांना पक्षाघाताचा झटका आला. हात, पाय, जीभ सगळं वाचलं. गेली ती फक्त वाट. कराडात जन्म गेला, शाळेत चित्रकला शिकवत आयुष्य काढलं, आणि आता दत्त चौकात उभं केलं तर कुठल्या रस्त्यानं घरी यायचं ते कळेना. दिसायचं सगळं. दुकानांच्या पाट्या वाचून दाखवायचे. पण या पाटीपासून पुढं कुठं, ते सुटेना. मोबाइलचा बाण दाखवून पाहिला. बाण म्हणे उजवीकडं, आणि ह्यांना आतून काहीतरी वेगळंच वाटायचं, मग भर रस्त्यात घाम फुटायचा.

साताऱ्याच्या डॉक्टर फिरदोस इनामदार यांनी मला लहान मुलांच्या मासिकातलं कोडं दिलं. उंदराला खाऊपर्यंत न्यायचं, वाटेत भिंती. "सोडवा," म्हणाल्या, आणि समोर एक छोटा कॅमेरा ठेवला. मी बोट टेकवलं आणि सोडवलं. मग त्यांनी पडद्यावर माझी नजर दाखवली, लाल रेघ. मी बोट हलवायच्या आधीच ती रेघ खाऊपर्यंत जाऊन आली होती. एका बंद वाटेत शिरून परत फिरली होती. मला त्यातलं काही आठवत नव्हतं.

"माणूस पायांनी नंतर चालतो, आधी डोळ्यांनी चालून येतो," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यावर उभे राहिलात की नजर पुढच्या वळणापर्यंत धावते, मागं येते, पुन्हा धावते. वाट अवघड असेल तेवढ्या फेऱ्या जास्त. वाट ठरते ती अशी. सरांचे डोळे अजून बरोबर धावतायत, मी पाहिलंय. पण डोळ्यांनी ठरवलेलं त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. मधला निरोप्या गेला."

चष्मा त्या निरोप्याच्या जागी. तो नजरेच्या फेऱ्या वाचतो आणि कानामागच्या हाडातून हळूच सांगतो, डावीकडं, सरळ, उजवीकडं. बाहेरचा नकाशा तो वापरत नाही, माणसाचाच नकाशा माणसाला परत वाचून दाखवतो. मुक्काम कुठला, तेही डोळ्यांवरूनच शिकतो. पोहोचलेल्या माणसाची नजर पुढं धावायची थांबते, शांत होते. ती जिथं शांत होते ते घर, असं यंत्र धरून चालतं. मला हे फार सुंदर वाटलं होतं. तेव्हा कामिनीबाईंचं फाटक कुणाला माहीत होतं.

तर मी त्या वळणावर पोहोचले. हे फाटकाच्या आत, पडवीत खुर्चीवर, हातात चहाचा कप. कामिनीबाई समोर. ह्यांच्या शाळेत त्या हिंदी शिकवायच्या. दर वर्षी स्नेहसंमेलनाचे पडदे दोघं मिळून रंगवायचे, आणि संमेलन झालं तरी पंधरा दिवस ह्यांच्या नखांतला रंग जायचा नाही. त्यावरून मी कधी काही बोलले नाही. म्हणजे एकदा बोलले होते.

"या ना उज्ज्वलाताई, चहा टाकते," कामिनीबाई म्हणाल्या.

"नको, आत्ताच झाला," मी म्हटलं. झाला नव्हता.

घरी येताना ह्यांना विचारलं, "तुम्ही तिकडं का जाता?"

"कुणीकडं?"

"देशमानेबाईंकडं."

"चष्मा म्हणतो वळा, मी वळतो. मग म्हणतो पोहोचलात, मग गप्प होतो. मग मी थांबतो."

"अहो, पण चष्मा तुमच्याच डोळ्यांचं सांगतो ना?"

"असेल. मग डोळ्यांना विचार," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावरून पलीकडं बघायला लागले. हल्ली माझ्याशी बोलताना ते असंच करायचे. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला.

त्यात ऋजुताचा फोन. आमची मुलगी, बेंगळुरूला असते, आणि तिच्याही मोबाइलवर तोच ठिपका दिसतो.

"आई, बाबा आजपण घरी पोहोचले नाहीत."

"आणलं मी."

"तू आणलंस. ते आले नाहीत. हे बघ, पुण्याजवळच्या एका वृद्धांच्या निवासात जागा धरून ठेवलीय मी. सुंदर बाग आहे, आणि बागेत गोल रस्ता आहे. कुठूनही निघालं तरी माणूस परत तिथंच येतो."

"बैलाला घाण्याला जुंपतात तसं?"

"आई, प्लीज. एक दिवस ते ट्रकखाली जातील. मी पुढच्या रविवारी येतेय. माझ्यासमोर बाबा एकटे बाहेर जाऊन एकटे घरी आले, तर मी जागा सोडते. नाहीतर सोमवारी त्यांना घेऊन जाते. मुक्काम त्यांचा एकट्याचाच, सोबत राहायची सोय नाही तिथं."

तिचं चुकत होतं असं म्हणवत नाही. तरी मी फोन ठेवला आणि रडले. ह्यांना गोल रस्त्यावर सोडून मी कराडात फॉल लावत बसायचं, हे माझ्या डोक्यात मावत नव्हतं. आणि दुसरीकडं मन म्हणत होतं, ज्याचे डोळे देशमानेबाईंच्या फाटकाशी शांत होतात, त्याच्यासाठी तू कशाला रडतेस? दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या वाटायच्या. रात्री आमटीत दोनदा मीठ घातलं.

दुसऱ्या दिवशी ह्यांचा डोळा लागला तशी मी चष्मा घेतला आणि मंडईत गेले. त्यात पाहुण्यांसाठी एक बटण आहे, ते दाबलं की चष्मा नवीन माणसाचे डोळे वाचायला लागतो. हा खरं बोलतो का, ते मला बघायचं होतं.

चौकात उभी राहिले. मी घरी जायचं ठरवत होते, तोच कानामागं आवाज आला, "डावीकडे." अंगावर काटा आला. डावीकडंच जायचं होतं, पण मी ते ठरवलं होतं की नव्हतं? त्यानं सांगितल्यावर ठरवलं, की ठरवलेलं त्यानं सांगितलं? थोडं पुढं गेल्यावर म्हणाला, "उजवीकडे." उजवीकडं साडीचं दुकान होतं आणि काचेत एक जांभळी पैठणी लावलेली होती. मी लगेच समोर बघितलं. चोरी पकडल्यासारखं झालं. त्यानं मुकाट्यानं "सरळ" म्हटलं.

अशी डावी-उजवी करत भैरोबाच्या गल्लीच्या वळणावर आले. जुन्या कराडात भैरोबाचा कळस कुठूनही दिसायचा. आता पाच-सहा मजली इमारती झाल्यात, त्यांच्या फटीतून तो फक्त या वळणावर दिसतो. तेवढ्यापुरता, दोन पावलं पुढं गेलं की गायब. नजर वर गेली, पाय थांबले, हात आपोआप कपाळाला लागला आणि डोळे मिटले. कराडातला कुठलाही माणूस तिथं हेच करतो, पिशव्यांनी दोन्ही हात भरलेले असले तरी मान तरी लववतो.

कानामागं आवाज आला, "पोहोचलात."

मी डोळे उघडले. समोर रस्ता होता, मागं स्कूटरवाला हॉर्न वाजवत होता. चष्मा गप्प झाला होता. मी चार पावलं पुढं गेले, तरी गप्पच. त्याच्या लेखी माझा प्रवास संपला होता. पुढं धावणारी नजर थांबली, शांत झाली, म्हणजे ही बाई घरी आली.

मी भर रस्त्यात हसायला लागले. फाटक वाजलं आणि कामिनीबाई बाहेर आल्या.

"तुम्ही पण?" त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"सर असेच येतात. वर बघतात, हात जोडतात आणि मग इकडं बघ, तिकडं बघ करत उभेच राहतात. उन्हात किती वेळ उभं राहू द्यायचं? म्हणून आत बोलावते. बोलत तर काहीच नाहीत हो. चहा पितात आणि माझ्या डोक्यावरून पलीकडं बघत बसतात."

त्या दिवशी मी त्यांच्याकडं चहा घेतला, दोन कप. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या पडवीत बसले, आणि पडवी चांगली हवेशीर आहे.

घरी येऊन डॉक्टर इनामदारांना फोन लावला, हे सगळं आणि ऋजुताच्या रविवारचंही सांगितलं. त्या खो खो हसल्या. "अल्ला! आमच्या कुणाच्या कसं लक्षात आलं नाही? चष्मा जिथं तयार झाला तिथं लोक चालता चालता देवापुढं डोळे मिटत नसतील. कंपनीला सांगते, किरकोळ दुरुस्ती आहे. मिटलेले डोळे धरू नका एवढंच सांगायचं. रविवारच्या आत होईल."

"म्हणजे मग ते घरी येतील?"

"हो, का नाही. एक मिनिट थांबा, मी नोंदी उघडते." बराच वेळ नुसता की-बोर्डचा आवाज येत राहिला. मग त्यांचा आवाज बदलला. "उज्ज्वलाताई, तुमच्या घरी ते दिवसभर चष्मा घालून असतात ना?"

"झोपेपर्यंत."

"घराची 'पोहोचले' अशी नोंद एकदाही झालेली नाही."

"ते भैरोबामुळं."

"नाही. भैरोबाचं वेगळं. घरात त्यांची नजर थांबतच नाही. खुर्चीत बसलेले असतात, तरी ती दाराकडं जाते, दारातून मधल्या खोलीकडं, तिथून मागच्या दाराकडं, परत फिरते, पुन्हा जाते. कोपऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाची नजर आहे ती. वाट शोधतेय."

मी ह्यांच्याकडं पाहिलं. ते समोरच बसले होते, मांडीवर वर्तमानपत्र. डोळे माझ्यावरून सरकले, दारावर गेले, दारातून पलीकडं. मी इतके दिवस तेच बघत होते आणि त्याला कामिनीबाईंचं नाव देत होते.

"पण ते मला ओळखतात," मी हळू आवाजात म्हटलं. "कपाट ओळखतात. हे माझं घर असं स्वतः सांगतात."

"विचारलं की सांगतात. पाटी वाचल्यासारखं. पण आता पुढं कुठं जायचं नाही, हे आतून कळावं लागतं. ते त्यांना कळत नाही. मला आधी कळायला हवं होतं, सॉरी."

मला काय वाटत होतं ते मलाच कळेना. सवत नाही म्हणून आनंद करायचा, की घरच नाही म्हणून ऊर बडवायचा? मी विचारलं, "दुरुस्ती केली तर काय होईल?"

"खरं सांगायचं तर भैरोबाचा मुक्काम पुसला जाईल, आणि चष्म्याकडं त्यांना न्यायला एकही जागा उरणार नाही."

"मग दुरुस्ती रविवारनंतर करा."

"उज्ज्वलाताई?"

"दोन जागी डोळे मिटले तर तो कुठली जागा मुक्काम धरतो?"

"जिथं नजर जास्त वेळ शांत राहील ती. दुसऱ्या जागी तो थांबवत नाही, पुढं नेतो. का हो? काय चाललंय तुमच्या मनात?"

"शालू द्यायचाय संध्याकाळी, ठेवते," मी म्हटलं.

त्या संध्याकाळपासून मी ह्यांना रोज स्वतः फिरायला नेलं. वळणावर कळस दिसला की हे डोळे मिटायचे, तेवढं मी मिटू दिलं. देवाचं कसं काढून घ्यायचं? पण लगेच दंडाला धरून पुढं न्यायचे. घरी आलो की पायरीखाली उभं करायचे आणि म्हणायचे, "मिटा डोळे. तुमचं रोजचं स्तोत्र म्हणा मनातल्या मनात. सगळं."

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "इथं कुठं देव?"

"आहे. म्हणा तुम्ही."

ते सरळ माणूस आहेत. रस्त्याच्या कडेला, चपला घालून, मिटल्या डोळ्यांनी स्तोत्र म्हणायचे. ओठ हलत राहायचे. समोरच्या सलूनमधली माणसं आधी बघायची, मग त्यांना सवय झाली. मी बाजूला उभी राहून मोबाइलकडं डोळे लावायचे. एका यंत्राला फसवतेय, मुलीलाही फसवतेय, हे मला समजत होतं. आणि तरी दुसरा एक विचार डोकं खायचा. रोज मिटून मिटून डोळ्यांना एखाद दिवशी खरंच पटलं तर? देवळाचं तरी काय, रोज हात जोडून जोडूनच तिथं काहीतरी आहे असं वाटायला लागतं ना. मग ही फसवणूक होती की औषध? डॉक्टरांना विचारायची हिंमत झाली नाही.

शुक्रवारी पायरीपाशी मोबाइल पहिल्यांदा बोलला, "दिगंबर शेटे पोहोचले." मी पायरीवरच बसले.

शनिवारी कामिनीबाईंकडं जाऊन आले. "उद्या सर दिसले तर बोलावू नका," मी म्हटलं. "दार लावून घ्या, हवं तर पडद्याआडून बघा." त्यांनी का म्हणून विचारलं नाही. "आणि रस्ता ओलांडायला लागले तर?" एवढंच विचारलं.

"तर धावत जा," मी म्हटलं.

रविवारी ऋजुता आली. जेवणं झाली, आणि चार वाजता तिनंच ह्यांना रिक्षातून मंडईत सोडलं आणि एकटी परत आली. आम्ही दोघी पायरीवर बसलो, मांडीवर मोबाइल. ठिपका मंडईतून निघाला. चौकात जरा घुटमळला, मग डावीकडं वळला. साडीच्या दुकानासमोरून सरळ गेला, ह्यांना पैठणीचं काही नाही. मग भैरोबाच्या वळणावर आला आणि थांबला.

ऋजुतानं माझा हात धरला. "आई, थांबलेत."

"कळस दिसतो तिथं. डोळे मिटले असतील."

ठिपका हलेना. तिचे डोळे भरले. "आई, मी काही हौसेनं नेत नाहीये गं त्यांना," ती म्हणाली. मला ते माहीत होतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि मनात त्या भैरोबाला म्हटलं, सोड आता त्यांना.

ठिपका हलला.

मग गल्लीच्या तोंडाशी हे स्वतःच दिसले. पांढरा शर्ट, हातात पिशवी, पिशवीत कोथिंबीर. कुणी सांगितली नव्हती, स्वतः घेतली होती. नीट बाजूनं चालत आले, पायरीखाली उभे राहिले, पिशवी खाली ठेवली, हात जोडले आणि डोळे मिटले. ओठ हलायला लागले.

"बाबा काय करतायत?" ऋजुता कुजबुजली.

"घरी आल्यावर करतात तसं हल्ली."

स्तोत्र संपायच्या आतच दोन्ही मोबाइल एकदम बोलले, "दिगंबर शेटे पोहोचले." ऋजुता उठली आणि त्यांच्या गळ्यात पडली. रडत होती, हसत होती. मग डोळे पुसून म्हणाली, "थांब, त्या निवासवाल्यांना आत्ताच सांगते," आणि फोन कानाला लावून आत गेली.

ह्यांनी डोळे उघडले. मी समोरच उभी होते. तेवढा एक क्षण त्यांची नजर माझ्यावर थांबली, थांबली असं मला वाटलं. मग ती माझ्या खांद्यावरून पलीकडं गेली, दारातून आत, मधल्या खोलीकडं, परत आली, पुन्हा गेली. त्यांनी आतल्या दिशेला बघून घेतलं आणि ऋजुताला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात मला विचारलं, "उज्ज्वला, आपलं घर अजून लांब आहे का गं?"

आतून ऋजुताचा आवाज येत होता. ती कुणाला तरी सांगत होती, हो, हो, एकटेच आले.

मी पिशवी उचलली. "नाही," मी म्हटलं, "जवळच आलंय. चला, तोवर इथं चहा घेऊ."

"बरं," ते म्हणाले. पाहुण्याच्या घरी काढावी तशी चप्पल त्यांनी नीट कडेला काढली आणि माझ्या मागून आत आले.